तीन बाहेर, एक आत

काकांच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायची सोय नव्हती. 'जातो' म्हणायचं. पहिल्याच सकाळी मी बूट घातले आणि आईने शिकवलंय तसं दारात वळून म्हणालो, "येतो काका." काकांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि असे बघायला लागले, जसा काही मी त्यांचा टीव्ही पिशवीत घालून चाललोय.

"येतलस?" ते म्हणाले. "काय करून येतलस?"

मला काही कळेना. मग त्यांनी मला परत आत बोलावलं, बसवलं आणि समजावलं. काका जेलात शिपाई होते, शेवटी हवालदार होऊन रिटायर झाले. सदतीस वर्षं. जेलातून सुटणारा माणूस गेटवर 'जातो' म्हणतो. सवयीने कोणी 'येतो' म्हणाला की गेटवरचे सगळे हसतात, आणि काकांच्या अनुभवाप्रमाणे तो बहुतेक वेळा येतोच. त्यामुळे त्यांच्या उंबऱ्यावर तो शब्द बंद.

माझी पंचाईत अशी की मी चोपड्याचा. आमच्याकडे 'जातो' म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालते. महिनाभर मी दारात 'बरंय' असं काहीतरी पुटपुटत सटकायचो. मग कधीतरी सवय झाली. इतकी झाली की दिवाळीला घरी गेलो आणि परत निघताना तोंडातून निघालं, "जातो." आईने बॅग हातातून काढून घेतली, पाच मिनिटं बसवलं, पाणी पाजलं आणि मला पहिल्यापासून निघायला लावलं.

भांडुपच्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये मी काकांकडे दोन वर्षं राहिलो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मागची खोली रिकामी होती, ती त्यांनी मला भाड्याने दिली. माझं ऑफिस अंधेरीला, कस्टमर केअर, सकाळी सात ते तीन. दिवसभर लोकांच्या शिव्या 'मी आपली अडचण समजू शकतो' असं गोड आवाजात म्हणत ऐकायच्या. आवाज हाच आपला धंदा. शाळेत गॅदरिंगला मी हेडमास्तरांचा आवाज काढायचो, तर खरे हेडमास्तर पहिल्या रांगेत बसून घसा साफ करायचे. ऑफिसात मी टीम लीडर काढतो. मला माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो.

काकांचा आवाज मला आठवड्यात जमला. तो नाकातून सुरू व्हायचा, घशात जरा अडकायचा आणि शेवटचा शब्द लोखंडी दारावर आपटल्यासारखा बाहेर पडायचा. बोलणं अर्धं मुंबईचं, अर्धं मालवणी. चिडले की पूर्ण मालवणी. त्यांना कळलं होतं मी त्यांची नक्कल करतो ते. एकदा मी ऑफिसच्या नितीनला फोनवर काकांच्या आवाजात झापत होतो, तर हे मागे उभे. मी फोन ठेवला. काका म्हणाले, "शेवटचो शब्द अजून जोरात." आणि स्वयंपाकघरात गेले.

त्यांची रोजची गिनती मात्र नक्कल करण्यासारखी नव्हती, ती जशीच्या तशी बघायला हवी होती. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काका बनियनवर शर्ट चढवायचे, कंबरेच्या नाडीला किल्ल्यांचा जुडगा बांधायचे आणि जिन्यात उभे राहायचे.

"तळमजलो किती?"

आतून कोणीतरी कांदा चिरता चिरता ओरडायचं, "अकरा." मग पहिला मजला, मग दुसरा. कोणी बाहेर असेल तर कुठे गेलंय, कधी येणार, ते सांगायचं, मग तो माणूस टोटलमध्ये धरला जायचा. टोटल मिळाली की खालचं लोखंडी गेट ओढायचं, कुलूप लावायचं, तीनदा हलवून बघायचं. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाकडे गेटची किल्ली होती, रात्री बारापर्यंत लोक येत-जात असायचे, म्हणजे या कुलपाला तसा काही अर्थ नव्हता. पण काका म्हणायचे, टोटल मिळाल्याशिवाय बराक बंद करता येत नाय, आणि टोटल मिळाल्यावर उघडी ठेवता येत नाय.

मी यायच्या आधी पोरं मस्ती करायची. चार असले की सात सांगायची. मग काका मजला चढून सात दाखव म्हणायचे. ती मस्ती एका दिवसात बंद झाली म्हणे. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई गिनतीत मिळेनात. सून म्हणाली देवळात असतील, येतील. काका म्हणाले, 'असतील' चालत नाय, आकडो दे. अर्धा तास त्यांनी अख्खी बिल्डिंग जिन्यात उभी ठेवली आणि शेवटी स्वतः गच्चीवर गेले. बाई तिथे होत्या. दुपारी पापड काढायला गेल्या, वाऱ्याने दार आपटलं, जिन्याकडची कडी पडली. उन्हात ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. त्या दिवसापासून सहा दहाला सगळे खरे आकडे द्यायला लागले.

एकदा मी त्यांची टोटल मोबाइलवर करून बघितली. काका रोज चौतीस म्हणायचे. माझी आली पस्तीस. सांगितलं तर म्हणाले, "तुझी चुकली." मी पुन्हा केली. पुन्हा पस्तीस. त्यांनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही.

आता खेळाचं सांगतो, कारण काका माझे खरे झाले ते खेळात.

मी एक सेकंडहँड गेमिंगचा डबा घेतला होता. माझ्या खोलीत टीव्ही नव्हता, म्हणून तो काकांच्या टीव्हीला जोडला. खेळ असा की चार जण मिळून खेळायचं. मेलेली माणसं उठून अंगावर येतात, लाटेमागून लाट, आणि आपण एकमेकांना सांभाळत जिवंत बाहेर पडायचं. प्रत्येक मॅपमध्ये ठरलेल्या ट्रॉफ्या असतात, अमुक केलं की अमुक ट्रॉफी. सगळ्या मिळवल्या की तो मॅप तुमचा. आम्ही तिघं खेळायचो. मी भांडुपहून, नितीन बोरीवलीच्या घरून, रेवा मुलुंडहून. दोघं ऑफिसचेच, आवाज टीव्हीतून यायचे. चौथा कोणीतरी अनोळखी जोडला जायचा आणि शिव्या देऊन निघून जायचा.

काका मागे खुर्चीत बसून पेपर वाचायचे. टीव्हीतल्या किंचाळ्यांचं त्यांना काही वाटायचं नाही. म्हणायचे, दुसऱ्या बराकीत ह्याच्यापेक्षा जास्त असायचा. पण ज्या दिवशी आम्ही जेलचा मॅप उघडला, त्या दिवशी पेपर खाली आला.

"ह्या काय?"

"जेल आहे काका. यातून बाहेर पडायचं."

ते टीव्हीच्या एकदम जवळ येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर. मग सुरू झाले. मेन गेटचे दोन्ही दरवाजे एका वेळी उघडे कसे? एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही. बुरुजावर माणूस नाही. स्वयंपाकघरात एवढी भांडी, पण डाळीचं पिंप कुठे? कोणी नोकरी दिली ह्यांका? टीव्हीतून रेवा म्हणाली, "कोण रे हे? यांना घे ना चौथे."

असे काका चौथे झाले. मी दुसरा रिमोट दिला, टीव्हीचा अर्धा भाग त्यांचा, अर्धा माझा. त्यांनी तो दोन्ही हातांत असा धरला जसं कोणी गरम पातेलं धरतं.

पहिल्याच दिवशी घोळ. अंगावर मढी धावून येताहेत आणि काका बंदूक चालवेनात. मढी म्हणजे तीच ती मेलेली माणसं, काकांचा शब्द. अंगात कैद्यांचे कपडे. मी ओरडतोय, मारा, मारा. काका शांत. "गोळीबाराचो हुकूम खय आसा?" काठीने ते एकेकाला कोठडीत ढकलत होते, दार ओढत होते आणि पुढच्याकडे वळत होते. आम्ही पण घाबरून त्यांच्या मागे मागे. ती लाट संपली आणि टीव्हीवर टिंग वाजलं. अख्खी लाट एकही गोळी न झाडता पार केल्याची ट्रॉफी. नितीन ती महिनाभर शोधत होता, त्याला मिळत नव्हती.

काकांनी विचारलं, हा आवाज कसला. मी सांगितलं, चांगलं काम केलं की बक्षीस मिळतं. "म्हंजे माफी," काका म्हणाले. जेलात वागणूक चांगली असली की शिक्षेतले काही दिवस कमी होतात, त्याला माफी म्हणतात. तेव्हापासून ऑफिसातून आलो की पहिला प्रश्न, "आज किती माफी मिळवूची?"

त्यांनी आम्हाला माणसात आणलं. आधी आम्ही तिघं तीन दिशांना पळायचो आणि तीन ठिकाणी मरायचो. काकांनी कॅलेंडरच्या पाठीवर जेलचा नकाशा काढला आणि भिंतीवर लावला. जोडीत चालायचं. दार ओलांडलं की आकडा सांगायचा. नावं नाहीत, बराकीत माणूस गावावरून ओळखतात, म्हणून नितीन झाला बोरीवली, रेवा मुलुंड, मी चोपडा. नितीनला सवय, सगळे पुढे गेले तरी मागे राहून कपाटं धुंडाळायची. काका त्याच्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायचे नाहीत. "बोरीवली मिळत नाय," म्हणून दारात उभे. मढी येताहेत, रेवा बोंब मारतेय, हे उभे. शेवटी नितीनच सुधारला. आणि जी रेवा ऑफिसात मॅनेजरला 'बघते' याच्यापुढे उत्तर देत नाही, ती टीव्हीतून खणखणीत आवाजात सांगायची, "काका, मुलुंड हजर, उजवी बराक रिकामी."

दोन महिन्यांत बारापैकी अकरा ट्रॉफ्या झाल्या.

बारावी होती शेवटच्या गेटची. चौघंही जिवंत बाहेर आणि गेट बंद. गेटचा दांडा आतल्या बाजूला. एकाने तो ओढायचा, गेट हळूहळू खाली यायला लागतं, तेवढ्यात सगळ्यांनी खालून निसटायचं. दांडा ओढणाऱ्यालाही पळायला भरपूर वेळ मिळतो. आमच्यासारख्यांना तर अगदी सोपं.

दांडा अर्थातच काकांकडे. किल्ली हवालदाराकडेच असते. त्यांनी दांडा ओढला, बाजूला उभे राहिले आणि मोजायला लागले. "बोरीवली गेलो. मुलुंड गेला. चोपडा गेलो. टोटल तीन." आणि गेट खाली आलं. आम्ही तिघं बाहेर, काका आत. ट्रॉफी नाही.

मला वाटलं गडबड झाली. दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदा तेच. आम्ही बाहेरच्या गवतात उभे राहून हाका मारायचो, काका, या ना, अजून वेळ आहे. काका दांड्याजवळ. मी म्हटलं, दांडा मी ओढतो. नाही. नितीनने हात जोडले, म्हणजे टीव्हीतून सांगितलं की जोडलेत.

"पळान जावचा? मी?" काका म्हणाले. "सदतीस वर्षांत माझ्या ड्युटीत एक माणूस पळाक नाय. आता मीच पळू?"

मी म्हटलं, अहो काका, खेळात आपण सगळे कैदी आहोत.

"तुम्ही असशात. मी ड्युटीवर आसंय."

आम्ही हसायचो, पुन्हा सुरू करायचो, ते पुन्हा आत राहायचे. घाई कोणालाच नव्हती. मग बिल्डिंगला नोटीस लागली.

जुनी बिल्डिंग पाडून टॉवर होणार, हे कितीतरी वर्षं चाललं होतं, ते आता खरंच ठरलं. दीड महिन्यात खोल्या रिकाम्या. काका म्हणाले, नवीन होईपर्यंत मी गावाला भावाकडे. कणकवलीच्या पुढे आत कुठेतरी गाव, फोनला रेंज फक्त देवळामागच्या चढावर. म्हणजे खेळ बंद. मी नितीनला आणि रेवाला सांगितलं, काहीही करून बारावी ट्रॉफी काढायची, अकरावर सोडलं तर आयुष्यभर खुपेल. ट्रॉफीचं ते निमित्त होतं. मला काका त्या गेटाच्या बाहेर आलेले बघायचे होते. एकदा तरी. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

मग मी आगाऊपणा केला. काका त्यांच्या पहिल्या जेलर साहेबांबद्दल खूप बोलायचे. साहेब वऱ्हाडातले. कधी आवाज चढवायचे नाहीत, वाक्याआधी दोनदा खाकरायचे आणि इतकं हळू बोलायचे की बराक श्वास धरून ऐकायची. काका ते मला करून दाखवायचे, अगदी वाईट. मी मनातल्या मनात दुरुस्त करत गेलो.

एका शनिवारी संध्याकाळी गेटपाशी पोचलो. काकांनी दांडा ओढला, आम्ही तिघं बाहेर. काका खुर्चीत टीव्हीसमोर, मी मागे कॉटवर. मी दोनदा खाकरलो. मग हळूच म्हणालो, "हवालदार, तुमची ड्युटी संपली. बाहेर या."

काका उभे राहिले.

खेळात नाही. खोलीत. रिमोट फरशीवर पडला, खुर्ची मागे सरकली, रबरी चपलांच्या टाचा एकमेकींना चिकटल्या आणि छाती पुढे आली. टीव्हीतले काका दांड्याजवळ नुसते उभे होते, त्यांच्यावर मढी तुटून पडली. रेवा विचारत होती, काका कुठे गेले, काका हलत का नाहीत. मी टीव्हीचा आवाज बंद केला. मी हसवायला गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा नक्कल इतकी जमली आणि मला कुठे बघावं ते कळेना.

ते वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "साहेबांका जावन चौदा वर्षां झाली."

मी सॉरी म्हणालो.

"सॉरी नको. परत काढ. माका नावान हाक मार."

मी मारली. दोनदा खाकरून, हळू, नावाने. काकांनी मान हलवली, खुर्चीत बसले आणि त्या दिवशी मला त्यांच्या नोकरीचा पहिला दिवस सांगितला. बाकी सदतीस वर्षांतलं सगळं ते रोज सांगायचे, पहिला दिवस कधी सांगितला नव्हता.

वय एकवीस. पहिलीच गिनती. कागदावर बासष्ट कैदी. त्यांनी मोजले, त्रेसष्ट. पुन्हा मोजले, त्रेसष्ट. कमी भरले तर माणूस पळाला म्हणतात, जास्त भरला तर काय म्हणायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. अख्खं जेल थांबलं. अंधार पडायला आला, बाकीच्या बराकींची टोटल अडकली. शेवटी साहेब स्वतः आले. दोनदा खाकरले, म्हणाले, मोज बघू माझ्यासमोर. काका जोड्या मोजत शेवटपर्यंत गेले आणि त्रेसष्टवा म्हणून त्यांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं. बासष्ट कैदी एकदम हसले.

"साहेब हसले नाय," काका म्हणाले. "म्हणाले, मोजणाऱ्यान स्वतःक मोजूचा नाय. मोजलंस तर तू पण आतलोच. तेव्हापासून मी माका कधी मोजलंय नाय."

मला माझे पस्तीस आठवले. आणखी एक आठवलं. मी यायच्या कितीतरी आधी मतदार यादीवाली बाई आली होती, शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. तिने विचारलं, घरात किती माणसं. काकू जाऊन तेव्हा थोडेच दिवस झालेले. काका म्हणाले, कोण नाय. ती म्हणाली, मग तुम्ही? शेजारी हे हसत हसत सांगायचे. मी पण हसलो होतो. त्यात काकांच्या आवाजातलं 'कोण नाय' घालून ऑफिसात करूनही दाखवलं होतं.

बिल्डिंग रिकामी होत गेली. टोटल रोज उतरायची. तीस, बावीस, नऊ. काका ज्याला त्याला गेटपर्यंत सोडायला जायचे, 'जातो' म्हणून घ्यायचे आणि संध्याकाळच्या आकड्यातून काढायचे. शेवटच्या रविवारी तळमजला रिकामा, पहिला मजला रिकामा, दुसऱ्यावर उरलो फक्त आम्ही. काकांचा पुतण्या दुपारी टेम्पो घेऊन येणार होता. सगळं बांधून झालं होतं, टीव्ही मी मुद्दाम शेवटी ठेवला. कॅलेंडरवरचा नकाशा अजून भिंतीवर होता.

खेळात गेटपाशी पोचलो तसं मी म्हणालो, "काका, आज गिनती मी करतो. तुम्ही जोडीत उभे राहा."

मढी लांबून येताना दिसत होती. काकांनी रिमोट मांडीवर ठेवला, शर्ट वर केला, नाडीला बांधलेला जुडगा सोडवला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मग रिमोट उचलला आणि दांड्यापासून बाजूला झाले.

मी दांडा ओढला.

"बोरीवली?"

"हजर." नितीन बाहेर.

"मुलुंड?"

"हजर." रेवा बाहेर.

"भांडुप?"

गेट अर्धं खाली आलं होतं. टीव्हीतले काका जागेवरच गोल गोल फिरत होते.

"हजर," काका म्हणाले.

त्यांना सरळ चालवता यायचं नाही, नेहमी तिरके चालायचे, खेकड्यासारखे. तसेच निघाले. भिंतीला घासत, थांबत, पुन्हा. मी बघत राहिलो. त्यांची पाठ गेटाखाली गेली, मग काठी गेली, मग पायही गेले. मला इतकं बरं वाटलं, की तोंडातून आपोआप, अगदी त्यांच्याच आवाजात, शेवटचा शब्द दारावर आपटत निघालं, "टोटल तीन. बंद."

आणि गेट बंद झालं. मी आत.

नितीनने जी शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही. रेवाचा नाक ओढल्याचा आवाज आला. काका टीव्हीच्या त्यांच्या अर्ध्या भागात इकडेतिकडे बघत होते. इतके दिवस बाहेर काय आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"भायर काय नाय रे," ते म्हणाले. "नुसता गवत." मग, "चोपडा खय?"

"आत."

काकांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पुढ्यातल्या जुडग्याकडे बघितलं, आणि हसले. मी त्यांचा खोकला काढू शकतो, चिडणं काढू शकतो, कुलूप हलवताना लागणारा दमसुद्धा काढू शकतो. ते हसणं मला आजपर्यंत जमलेलं नाही. दोन वर्षांत एकदाच ऐकलं.

"मेल्या," ते म्हणाले, "तू स्वतःक मोजलंस नाय."

पुन्हा खेळायला वेळ नव्हता. खाली टेम्पोचा हॉर्न वाजत होता, पुतण्या वर येऊन वायरी काढायला लागला. सामान चढलं. काका जिन्यात उभे राहिले, हातात जुडगा. सहा दहा व्हायला अजून दोन-अडीच तास होते, पण उभे राहिले.

"तळमजलो किती?"

कोण उत्तर देणार. मी म्हणालो, "शून्य."

"पहिलो?"

"शून्य."

दुसरा त्यांनी विचारला नाही. गेट ओढलं, कुलूप लावलं, तीनदा हलवलं. टेम्पोत पुढे बसले, काच खाली केली. मी त्यांच्याकडून 'जातो' ऐकायच्या तयारीत उभा होतो. मनात म्हटलं, हे तरी नीट साठवून ठेवू, पुढे नक्कल करायला उपयोगी पडेल.

"येतो," काका म्हणाले.

टेम्पो सुटला. मी उभाच.

आता मी घाटकोपरला राहतो, ऑफिसमधल्या एका पोराबरोबर. तो उशिरा येतो. डबा त्याच्या टीव्हीला जोडलाय. यादी उघडली की जेलच्या मॅपपुढे अकरा ट्रॉफ्या चमकतात आणि बारावीवर करड्या रंगाचं कुलूप दिसतं. नितीनला एक चांगला चौथा मिळालाय, म्हणतो वीस मिनिटांचं काम आहे, काढून टाकू. मी म्हणतो नेट चालत नाही. रेवा म्हणते तिला डोकं दुखतंय. नितीनला कळतं, पण तो विचारत राहतो.

रेंज मिळेल त्या संध्याकाळी सहा दहाला फोन येतो. काका देवळामागचा चढ चढून करतात, त्यामुळे आधी श्वासच ऐकू येतो. बाकी कसा आहेस, जेवलास का, काही नाही.

"घाटकोपर किती?"

"एक."

"बरोबर." आणि फोन कट.

कितीतरी महिने एवढंच. कधी आठवडा आठवडा फोन नाही, तेव्हा मी सहा दहाला मोबाइल हातात घेऊन खिडकीत उभा असतो आणि खालून जाणाऱ्या लोकांना उगाच मोजतो.

परवा आला. वारा खूप होता, मागे कोणाचं तरी गुरं हाकणं चाललं होतं.

"घाटकोपर किती?"

"एक."

मी 'बरोबर'ची वाट बघत होतो. ते आलं नाही. श्वास चालू होता. मला वाटलं रेंज गेली.

"हयसर एक," काका म्हणाले.

बोललो असतो तर कोणाचा आवाज निघाला असता काय माहीत.

"टोटल दोन," ते म्हणाले. "लाव कुलूप."

फोन कट झाला. मी दारापाशी गेलो, कडीला हात लावला. टोटल मिळाल्यावर उघडं ठेवता येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलंय. पण दोनातला एक अजून तिकडे चढावर होता. मी बराच वेळ दार उघडंच ठेवलं.